सासूबाई वरच्या घरांत

आमची ही प्रोग्रॅमर. मी तिला आकडेबाई म्हणतो आणि ती मला जशास तसं उत्तर देते. पण गेला आठवडाभर बाई नुसत्या कॉम्प्युटरला चिकटून होत्या.

त्याचं असं झालं. माझ्या सासूबाई अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या, घरीच, मागच्या खोलीत. त्या गेल्यावर आकडेबाई कपड्यांच्या घड्या घालताना वाचनालयाच्या साइटवर आईचं एखादं प्रकरण लावायची. पुढे साइटचा प्रोग्रॅम जुना झाला. हिनेच हौसेने तो दुसऱ्या कॉम्प्युटर-भाषेत लिहून दिला, आणि आई गायब! नाव टाकलं की एकच उत्तर, ‘काही सापडलं नाही.’

"माझ्याच हाताने घालवली रे," ती म्हणाली. "तिचा आवाज माझ्याकडे आणखी कुठेच नाही." त्या दिवशी कपड्यांच्या घड्या मीच घालून ठेवल्या.

शनिवारी सकाळी ती ओरडली, "अरे, इकडे ये! सापडलं!"

प्रत्येक रेकॉर्डिंगला एक लांबलचक नंबर असतो. त्याचा पुढचा भाग वाचणाऱ्याचा, मागचा पुस्तकाचा. पुढचा भाग वेगळा काढणारी ओळ हिने जुन्या प्रोग्रॅममधून जशीच्या तशी उतरवली होती.

"जुनी भाषा आकडा केवढाही असो, अख्खा धरते," ती म्हणाली. "ही नवी बया बिटांचं काम आलं की शेवटची बत्तीस बिटं ठेवते आणि वरची खुशाल कापते. चूक म्हणून सांगतही नाही!"

"बिटं म्हणजे ती शून्य-एकची घरं ना?"

"हो. आणि आईचा नंबर मोठा, म्हणून आई वरच्या घरांत होती."

"म्हणजे... गेली?"

"नाही रे, फाइल जागच्या जागी आहे. मीच अर्धवट नंबर घेऊन शोधत होते." नव्या भाषेतही अख्खा आकडा धरायची सोय असते म्हणे, फक्त ती मागून घ्यावी लागते. तिने ती मागून घेतली.

मग आईचं एक प्रकरण लावून तिने आवाज मोठा केला. सासूबाई वाचत होत्या, सावकाश, स्वल्पविरामाला श्वास घेत. इतकी वर्षं ऐकूनही हे प्रकरण हिने कधी लावलं नव्हतं. वाचता वाचता त्या थांबल्या. "बाळा, दार लाव गं, बाहेरचा आवाज येतोय." रेकॉर्डिंगमधून ते कापायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आमच्या खोलीचं दार उघडं होतं. बायको उठली आणि ते लावून आली.