बद्रीच्या गाडीतली खुळखुळ

माणसानं सहन तरी किती करावं? बद्रीनाथ आणि मी चिकलठाण्याच्या एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला, राहायलाही दोघं उस्मानपुऱ्यात. रोज तो मला त्याच्या गाडीतून न्यायचा. फुकटची सोय, म्हणून बोलायची चोरी. पण डॅशबोर्डच्या मागं काहीतरी वाजायला लागलं आणि माझं डोकंच उठलं. खुळखुळ, खुळखुळ. गतिरोधक आला की आणखीच.

पुढच्या सीटवर त्याची आई मनकर्णाबाई बसायची, मी मागं. मी तिला मावशी म्हणायचो. तिला त्यानं पाचोडहून इलाजासाठी आणलं होतं. रक्ताचा आजार. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, रोजची कॅप्सूल चुकली नाही तर अजून बरीच वर्षं काढतील, चुकली तर काही खरं नाही. बद्री लहान असतानाच बाप गेलेला, आईनंच शेतात राबून वाढवलेला. घरी ती विसरेल म्हणून कॅप्सूल तो आपल्याच खिशात ठेवायचा. कंपनीच्या वाटेवर तिला मारुतीच्या देवळात भजनाला सोडायचं, आणि त्याआधी सिग्नलला गाडी थांबली की कॅप्सूल आणि पाण्याची बाटली तिच्या हातात द्यायची.

"घे आई."

ती बाटली तोंडाला लावायची. सिग्नल सुटायचा. बद्रीला बरं वाटायचं.

खुळखुळीचा शोध त्यानं असा घेतला की विचारू नका! सगळे स्क्रू आवळले. फटीत फोम कोंबला. मावशी उतरल्यावर मला पुढं बसवून डॅशबोर्डला कान लावायला सांगायचा आणि जालना रोडच्या खड्ड्यातून गाडी घालायचा. "ऐकलं का रं?" मी म्हणायचो, "ऐकलं बाबा! सगळ्या गावानं ऐकलं! मेकॅनिककडं ने, नाय तर इकून टाक हे खटारं!" मावशीला विचारलं तर ती म्हणायची, "गाडी हाय, वाजनारच. उगं उघडू नगा रं, मोडंल."

इकडं मावशी वाळत चालली होती. रिपोर्ट वाईटच. औषध लागू का पडत नाही हे डॉक्टरांना कळेना. एकाच्या दोन कॅप्सूल केल्या, तरी तेच. बद्री दवाखान्यातून आला की गाडीत नुसता बसून राहायचा. आईचं काही करता येईना, म्हणून तो त्या आवाजाच्या मागं लागला होता, असं मला वाटतं. निदान तेवढं तरी आपल्याच्यानं व्हावं.

शेवटी कारभारी मिस्त्रीकडं गाडी नेली. त्यानं आईच्या बाजूची एसीची जाळी काढली, आतली नळी सोडवली आणि ताटलीत उपडी केली. लाल-पिवळ्या कॅप्सूल! ओंजळी भरून. काही उन्हानं चिकटून गोळा झालेल्या. मिस्त्री म्हणाला, "हे काय हो, साहेब?" बद्री तिथंच, ऑइलनं माखलेल्या फरशीवर खाली बसला.

घरी मावशी वाती वळत बसली होती. बद्रीनं मूठ उघडून तिच्यापुढं धरली.

"आई, का गं?"

"माळ हाय रं गळ्यात माझ्या." तिनं तुळशीच्या मण्यांना हात लावला. "दवाखान्यात एक बाई म्हनली, वरचं कवच हाडाचं असतंय. जन्मभर पाळलं, आता मरताना बाटवू का?"

"मग मला सांगायचं ना!"

"तू इतका जीव काढतोस माझ्यासाठी. कोन्या तोंडानं सांगू?"

बद्री ओरडला, "मग फेकून तरी द्यायच्या बाहेर! रोज माझ्यासमोर खोटं खोटं पाणी पीत होतीस?"

"तू हातानं दिलेलं, लेकरा. रस्त्यावर कसं फेकू?"

तो रडला, ती रडली, मी दारात चपला शोधत उभा.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडं गेलो. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, हेच औषध झाडपाल्याच्या कवचात येतं. एक शब्द बोलायचा होता." एवढंच! मग मावशी अगदी गुणी पोरीसारखी औषध घ्यायला लागली. गिळलं की बद्रीला तोंड उघडून दाखवायची, "बघ, गेलं." पण दुखणं फार पुढं गेलं होतं. दिवाळी तिला दिसली नाही.

आता गाडी गप्प चालते. मी अजून मागंच बसतो. पुढं ये, असं तो म्हणत नाही आणि मीही विचारत नाही. परवा जालना रोडवर खड्डा आला, गाडी आदळली. बद्रीनं वेग कमी केला.

"ऐकलं का रं?"

"नाय रं बद्री," मी म्हणालो. "काहीच वाजत नाय."

त्यानं गाडी कडेला घेतली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं. कंपनीला उशीर झाला.