कंट्रोलची साखर आणि माझं पोट

लढाई संपली होती, पण कंट्रोल संपलं नव्हतं. साखर, घासलेट, धोतरजोडी, सगळं कार्डावर मिळायचं. धामणगाव बढे इथल्या कंट्रोलच्या दुकानात साखर तोलून द्यायचं काम माझ्याकडे होतं. रांगेतली माणसं उन्हानं आणि कामानं वाळून गेलेली, आणि तराजूमागे मी. गोल चेहरा, मानेला वळी, सदऱ्याच्या गुंड्या पोटावर ताणलेल्या. मी कोणाच्या डोळ्यांत बघायचं टाळायचो, कारण ते डोळे माझ्या गुंड्यांवर असायचे.

पहिल्यांदा मोठ्यानं बोलला तो गावातलाच एक तरुण कास्तकार. त्याच्या घरी बाळंतीण होती आणि साखर संपली म्हणून मी त्याला परत पाठवत होतो. खरंच संपली होती. मी पोतं उलटं करून दाखवलं.

"पोतं काहाले दाखवतं? पोट दाखव तुयं," तो म्हणाला. "पोत्यातलं कुठी गेलं ते दिसूनच राह्यलं सगळ्याइले."

रांग हसली. मीही हसलो. जाताना तो म्हणाला, "तहसिलात अर्जच करतो. मंग पाहू साखर कोण खाते."

दुकान माझं नव्हतं. परवाना मालकांच्या नावावर होता. मी मूळचा कोकणातला. चौथीनंतर शाळा सुटली, कारण पाचवी खाडीपलीकडे होती आणि रोजची होडी परवडत नव्हती. मामा रेल्वेच्या कामावर मलकापूरला होता, त्यानं बोलावून घेतलं. ते काम संपलं, मामा परत गेला, मी स्टेशनाबाहेर बसून राहिलो. मालक तिथं सरकी भरायला आले होते. हिशेब येतो का, एवढंच विचारलं आणि गाडीत बसवून गावी घेऊन आले. ना ओळख, ना पाळख. ओसरीवर झोपायला जागा दिली, स्वतःच्या पंगतीला जेवायला बसवलं. त्या माणसाच्या परवान्यावर माझ्या पोटामुळं बालंट येणार होतं.

आमच्या घरात सगळे असेच. वडील दिवसभर नांगर धरायचे, पेज प्यायचे आणि तरी गोल. आत्या तशीच, आई तशीच. वाडीत कधी कोणी काही म्हटलं नाही. आमच्या चुलीवर काय शिजतं ते शेजाऱ्यांना वासावरूनच कळायचं. इथं माझं हाड ओळखणारं कोणी नव्हतं. परक्या गावात एकटा जाडा माणूस म्हणजे नुसता जाडा नसतो, त्यानं कोणाचं तरी खाल्लेलं असतं.

मी ठरवलं, अर्ज जायच्या आत बारीक व्हायचं.

गावच्या आखाड्यात गेलो. वस्तादानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. अंगठ्यानं माझा दंड दाबून बघितला.

"काय पाह्यजे?"

"बारीक व्हायचंय, वस्ताद."

"बारीक?" त्यानं बाकीच्या पोरांकडे बघितलं. "आयका बे, हा कमी व्हाले आला! लेका, इथं पोट्टे अंग भराले येते. कमी व्हाचं असन तं तापानं पड आठ रोज."

तरी त्यानं शिकवलं. जोर, बैठका, मग मुद्गलांची जोडी फिरवायची. सगळं झालं की भिजवलेले चणे आणि दुधाचा पेला पुढं करायचा. मी नको म्हटलं तर त्याचा चेहरा उतरला. मेहनत करून खुराक नाकारणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता. त्याच्या मते ते आखाड्यातल्या मातीचा अपमान करण्यासारखं होतं. मग मी दोन घोट घ्यायचो आणि उरलेलं शेजारच्या पोराच्या पेल्यात ओतायचो.

सकाळी उजाडताना मोताळ्याच्या रस्त्यानं पळायला लागलो. तिकडं माणूस पळतो तो ढोर सुटलं म्हणून, नाहीतर कोणी गेलं म्हणून. वावरात निघालेल्या बायका डोईवरची टोपली सावरत थांबायच्या.

"काय झालं वो भाऊ? कोणाचं झालं?"

"काही नाही. व्यायाम करतोय."

"मंग पयतं काऊन? मांगं तं कोणीच नाही."

जेवणाचं आणखी अवघड. मालकीणबाईंना मी काकू म्हणायचो. भाकरीचा चतकोर, वाटीभर वरणाचं पाणी, थोडा ठेचा, एवढ्यावर मी उठायला लागलो. दोन-चार दिवस त्यांनी पाहिलं. मग एकदा ताट पुढं सरकवून म्हणाल्या, "माया हातचं गोड लागत नाही का तुले?"

"तसं नाही, काकू."

"मंग कसं? गावात लोकं काय म्हणतीन? दूरचं पोरगं आणलं अन् उपाशी ठेवलं. आमच्या घराची इज्जत आहे ना काही."

म्हणजे जाडा राहिलो तर मालकांवर चोरीचा आळ, वाळलो तर काकूंवर उपाशी ठेवल्याचा. मी त्यांच्या पाया पडलो आणि अर्धीच भाकरी खाल्ली. त्या तोंड फिरवून बसल्या.

एवढं करून काही उतरतंय का, हे बघायचा ध्यास लागला. दुकानात पोती तोलायचा मोठा काटा होता. वर आढ्याला टांगलेला, साखळ्यांना लाकडी पारडी. दुपारी गाव जेवायला गेलं की मी आतून कडी लावायचो, एका पारड्यात लोखंडी वजनं रचायचो आणि दुसऱ्यात मांडी घालून बसायचो. पहिल्या दिवशी होतं तेवढंच दुसऱ्या हप्त्यात. तिसऱ्यातही तेवढंच. मला वाटलं काटाच अडकतोय. दांडीच्या कण्याला तेल दिलं. वजनांवरची धूळ पुसली. दोन्ही पारडी बदलून बघितली. काटा बरोबर होता.

रोज आखाड्यात घाम गाळत होतो, रस्त्यावर धापा टाकत होतो, पोटात कावळे ओरडत होते, आणि अंग जसंच्या तसं. रात्री ओसरीवर पडल्या पडल्या मी पोटावर हात ठेवायचो. माझं नसल्यासारखं, कोणी तरी ठेवायला दिल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी मी असाच पारड्यात बसलेलो असताना दारावर थाप पडली. मी घाईनं उतरलो, दुसरं पारडं वजनांसकट दाणकन खाली आलं. दार उघडलं तर तोच तरुण कास्तकार, सोबत आणखी दोघं.

"कडी लावून काय तोलून राह्यला बे?"

मागं रिकामं पारडं अजून झुलत होतं. माझ्या अंगात सदरा नव्हता, त्याचंही वजन नको म्हणून मी तो खुंटीला अडकवला होता. साखरेची पोती हाताच्या अंतरावर. मला स्वतःलाच मी चोर दिसलो.

माणसं जमली. मालकांना बोलावणं गेलं. ते आले, एका पोत्यावर बसले, आणि ते रागावले नाहीत याचीच मला जास्त भीती वाटली.

"सांग," ते म्हणाले. "काय तोलत होता?"

पायांकडे बघत मी म्हणालो, "मला."

"काय?"

"मलाच तोलत होतो, मालक. वजन कमी होतंय का बघत होतो."

असं हसणं मी त्या दुकानात कधी ऐकलं नव्हतं. हसला नाही तो तरुण. "अन् हे आमी खरं मानाव?" तो म्हणाला. "दार लावून?"

गावात एक म्हातारे कास्तकार होते, भांडणतंटा त्यांच्या शब्दावर मिटायचा. ते उंबऱ्याशी टेकून उभे होते. त्या गावात नवसाचं मूल देवळापुढं गुळानं तोलायची रीत होती. ते म्हणाले, "आपण पोराले गुळात तोलतो ना देवापुढं? तसं याले तोला. आज तोला, सगळ्याइच्या समोर. मंग याच्यापासून चावी काढून घ्या. महिनाभर दुकानाची पायरी चढाची नाही. पुढच्या अवसेले पुन्हा तोला. साखरेवर वाढला असन तं साखरेबगर उतरन. नाही उतरला तं साखर यानं खाल्ली नाही."

तरुण म्हणाला, "हाव. पण वजनं मी टाकीन."

त्यानंच टाकली. मी पारड्यात बसलो, गाव बघत होतं. लोखंडाचा आवाज झाला आणि कोणी तरी म्हणालं, "एवढ्या गुळात तं अख्खं गाव जेवन."

चावी मालकांच्या पुतण्याकडे गेली आणि मी कापूस वेचायला वावरात. माझं डोकं इतकं गरगरलं होतं की म्हाताऱ्यांचं बोलणं नीट डोक्यात शिरलंच नव्हतं. बारीक व्हायचं, एवढंच शिरलं होतं. संधी आलीये, आता उतरवूनच दाखवू. पळणं वाढवलं. बैठका वाढवल्या. जेवण पाव भाकरीवर आणलं. वेचताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे.

महिना संपत आला तेव्हा काकूंनी मला चुलीपाशी थांबवलं. "येडा आहेस का तू?" त्या म्हणाल्या. "उपाशी काहाले मरतं? तू उतरला तं लोकं म्हणतीन, साखर बंद झाली म्हणून उतरला."

महिनाभर मी स्वतःवरचा आळ खरा करायला राबत होतो, घाम गाळून, उपाशी राहून. आता खावं तर वजन वाढेल, मग म्हणतील रात्री पुतण्यानं साखर दिली. न खावं तर उतरेल. मी हातात भाकरी घेऊन बसलो आणि खाऊ की नको ते कळेना. काकूंनी दुधाची वाटी पुढं केली, मी ती परत सारली, मग ओढून घेतली, मग पुन्हा सारली. "देवा," त्या म्हणाल्या, "या पोराचं काय करू मी."

अमावस्येच्या दिवशी मी पारड्यात चढलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी मनातून मागत होतो की उतरलेलं नसू दे. तरुणानं तीच वजनं, त्याच क्रमानं टाकली. दांडी हलली, थरथरली आणि आडवी राहिली. त्यानं एक छोटं वजन काढलं, मी खाली गेलो. परत टाकलं, परत आडवी.

"तेवढाच आहे," कोणी तरी म्हणालं.

"महिनाभर पयला, अन् तेवढाच?" मागून वस्ताद ओरडला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

रांगेत नेहमी पुढं असणारी एक म्हातारी बाई जवळ आली. माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "मायच्या पोटातूनच असा आला असन हा. याची माय पाह्यली का कोणी?"

कोणी कुठून पाहणार.

"आईपण अशीच आहे," मी म्हणालो. त्या गावात माझ्या घरचं मी पहिल्यांदाच काही बोललो.

"काय खाते थे?"

"पेज."

"पेज म्हंजे?"

"तांदूळ शिजवून... पाणीच असतं बरंचसं."

"अन् पाण्यावर एवढी?" ती म्हणाली, आणि लोक हसले. या वेळचं हसणं अंगावर आलं नाही. माझे डोळे भरून आले ते मी साखळी पुसायच्या निमित्तानं लपवले.

तरुणानं वजनं एकेक करून भिंतीशी लावली आणि निघून गेला. अर्ज त्यानं केला नाही. मालकांनी चावी माझ्या हातात ठेवली. "पोटाचं सोड आता," म्हणाले, "साखर तोल."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. तो तरुण रांगेत होता. मी त्याची साखर तोलून पुढं केली. पुडीकडे बघत तो म्हणाला, "अजून एकदा तोल."

मी पुडी परत पारड्यात ठेवली. बरोबर होती. तो घेऊन गेला. त्याच्यामागच्या बाईनं काही म्हटलं नव्हतं, तरी मी तिचीही दोनदा तोलली. तिच्यामागच्याची दोनदा. त्याच्यामागच्याचीही. रांग उन्हात ताटकळली. शेवटी मागून आवाज आला, "अबे, एकडाव तोलून दे ना! आमाले वावरात जाणं आहे."

"हो, हो," मी म्हणालो, आणि त्याची पुडी पुन्हा तराजूत टाकली.