लिव्हरवाले डॉक्टर

डॉ. रेठरेकर कुणाला नमस्कार करत नसत. ओळख झाली, की समोरच्याच्या उजव्या बरगडीखाली बोटं खुपसायचे आणि निकाल द्यायचे, "लिव्हर ठीक. जगशील." मीही असाच पास होऊन त्यांच्याकडे कंपाउंडर म्हणून लागलो. सत्तरच्या दशकात अख्खं सोलापूर त्यांना लिव्हरवाले डॉक्टर म्हणायचं.

कावीळ होऊन पोट फुगलेली माणसं पार वैराग, माळशिरसहून यायची. डॉक्टर त्यांच्या पोटातलं पाणी काढायचे आणि माझ्यावर चिडायचे, "फुटक्या होडीतून तांब्यानं पाणी उपसतोय आपण! होडीच बदलायला हवी." म्हणून दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते एका कुत्र्याचं लिव्हर दुसऱ्या कुत्र्याला बसवत. कुत्री दोन-तीन दिवसांत मरत. माझा चेहरा पडला की म्हणायचे, "भावना फॉर्मॅलिनमध्ये ठेव. टिकतील." लाज वाटते सांगायला, पण मला हसू यायचं.

एक तांबडा कुत्रा मात्र तगला. पण अन्नाला तोंड लावेना. तिसऱ्या दिवशी भवानी पेठेतल्या नरसव्वा त्याला शोधत आल्या. विड्या वळून एकट्या राहणारी बाई. आम्हाला कुत्री आणून देणाऱ्यानं त्यांच्याच दारातून हा उचलला होता. पोटावरचे टाके बघून त्या त्याच्यापाशी बसल्या.

"माझा राजा हाय की ह्यो! द्या माझा मला."

"कुत्रा तुमचा असेल, बाई. आतलं लिव्हर माझ्या दुसऱ्या कुत्र्याचं आहे," डॉक्टर म्हणाले.

नरसव्वांनी पदरातली भाकरी त्याच्या पुढ्यातल्या दुधात कुस्करून हात पुढे केला. "तिनरा, नान्ना," खा रे बाळा, असं त्या तेलुगूत पुटपुटल्या, आणि कुत्रा त्यांच्या हातून खाऊ लागला. डॉक्टरांनी लगेच फर्मावलं, "रोज भरवायला या. पंधराव्या दिवशी घेऊन जा."

बाई रोज आल्या. कुत्रा उभा राहिला, शेपूट हलवू लागला. पंधराव्या दिवशी सकाळी डॉक्टर मला म्हणाले, "आज लिव्हर काढून बघायचं."

"अहो, बाईंना शब्द दिलाय तुम्ही."

"शब्द दिला म्हणून ती आली. ती आली म्हणून हा जेवला."

कुत्रा डॉक्टरांना जवळ येऊ देईना. तेव्हा त्यांनी नरसव्वांनाच आत बोलावलं. "बाई, जरा धरा. शेवटची सुई आहे." नरसव्वांनी राजाचं डोकं मांडीवर घेतलं, तो शांत झाला आणि डॉक्टरांनी सुई टोचली.

"झोपला व्हय?" त्यांनी मला विचारलं.

"हो," मी म्हणालो. "उद्या या न्यायला."

लिव्हर स्वच्छ होतं, एक डाग नव्हता. ते हातात धरून डॉक्टर रडले. "हा जगला असता रे!" त्यांचं रडणं खरं होतं. म्हणूनच मला त्यांचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी नरसव्वा नवा पट्टा घेऊन आल्या. मी औषधांच्या कपाटाआड सरकलो. डॉक्टरच पुढे झाले. "कालच मारला मी त्याला. तुमच्या मांडीवर. तुम्हाला फसवून."

बाई त्यांना ओलांडून आत आल्या. कपाटापाशी येऊन त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"त्यो डाक्टर हाय. त्याला लिव्हर पायजे व्हतं. तुला काय पायजे व्हतं रं?"