हमीदचं मलमल

हमीद गेल्याचा फोन आला तेव्हा मी चप्पल घालून त्याच्याच दुकानाकडे निघालो होतो. गेली कित्येक वर्षं एक गोष्ट त्याला सांगायची होती, आणि त्या दिवशी मनाचा हिय्या केला होता. फोनवर त्याचा भाचा म्हणाला, दुकानातच, घड्याळ उघडून बसले होते... मी तसाच चपलेसकट ओटीवर बसून राहिलो. आज दोन महिने होत आले. अजून एका जागी बसवत नाही.

आम्ही दोघं पूर्णगडचे, एका बाकावरचे. पुढे मी रत्नागिरीत कचेरीत चिकटलो आणि त्यानं बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याचे वडील तांडेल. होडीवर बसून त्यांनी पोराला नक्षत्रं शिकवलेली. बापानं डोळ्यांनी दाखवलं त्याच्यापलीकडचं हमीदला बघायचं होतं. मृगाच्या पोटात जो बाण आहे, त्या तीन चांदण्यांच्या टोकाशी एक तांबडा तेजोमेघ आहे आणि त्यात घोड्याच्या डोक्यासारखा काळा डाग, हे त्यानं कुठल्याशा मासिकात वाचलं, आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचेना. रोलवाल्या कॅमेऱ्यावर तीन हिवाळे घालवले. हाती काही लागलं नाही.

मग कुवेतहून त्याच्या भावानं डिजिटल कॅमेरा आणला. तेव्हा रत्नागिरीत तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांकडे असेल. भावाची पाठ वळताच हमीदनं तो घड्याळासारखा खोलला. आत एक निळसर काच असते, ती नेमका तेजोमेघाचा तांबडा उजेड अडवते. ती काढून त्यानं तेवढ्याच जाडीची साधी काच बसवली. पुढे पुतणीच्या लग्नात विसरून तोच कॅमेरा नेला, तर नवऱ्याची काळी शेरवानी फोटोत जांभळी आणि मांडवाचा पाला गुलाबी! भाऊ दोन महिने बोलत नव्हता. हमीद मात्र खूश. म्हणाला, कॅमेऱ्याला आता तांबडं दिसतंय.

अमावास्येच्या आसपास आम्ही स्कूटरवरून पूर्णगडच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, जायचो. दोन फळ्या, एक बिजागरी आणि भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची चाकं एवढ्यावर त्यानं आकाशाबरोबर सावकाश फिरणारं यंत्र केलं होतं. चांदणी टाचणीच्या टोकाएवढी बारीक दिसेपर्यंत तो लेन्सचं कडं केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत तासभर घालवायचा. माझं काम एकच. दर थोड्या वेळानं लेन्सवर दव धरायचं, ते मलमलच्या तुकड्यानं टिपायचं. कड्याला हात लावायचा नाही, ही सक्त ताकीद.

लग्नानंतरच्या हिवाळ्यात एका रात्री आभाळ फार स्वच्छ होतं. दव टिपताना माझं बोट कड्याला लागलं. कडं फिरलेलं मला कळलं, आणि मी ते अंदाजानं मागे फिरवलं. त्याच वेळी सांगितलं असतं तर निम्मी रात्र हातात होती. मी सांगितलं नाही. का, ते आजही मला धड सांगता येत नाही... त्याचा तो आनंदात असलेला चेहरा बघून जीभच उचलली नाही. पहाटे कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं तर सगळ्या चांदण्यांचे साबुदाणे झालेले. हमीदनं एकेक फोटो मागेपुढे करून पाहिला आणि म्हणाला, "जाव दे, सुध्या. काच बसवताना माजाच कायतरी चुकलाय. परत उगडून बगतो."

मी मान डोलावली. खोटं बोललो नाही, पण ते खोट्याहून वाईट होतं.

पुढच्या अमावास्येला त्यानं मलमल पुन्हा माझ्याच हातात दिलं. त्या खेपेला फोटो आला. तांबड्या धुरकट उजेडात अंगठ्याच्या नखाएवढं घोड्याचं डोकं. दुकानात घड्याळांच्या मधोमध त्यानं तो लावला. गिऱ्हाइकांना वाटायचं, भिंतीला ओल आली. मी ठरवून टाकलं की त्यानं काच दुरुस्त केली. तरी त्या फोटोसमोर मला बसवायचं नाही. सांगायला म्हणून जायचो आणि घड्याळाचा पट्टा बदलून परत यायचो.

चाळिसावा झाल्यावर हमीदच्या बायकोनं, भाभींनी, बोलावून कॅमेऱ्याची पिशवी माझ्यापुढे ठेवली. लेन्सच्या कड्यावर जखमेला लावतात तसली चिकटपट्टी घट्ट बसवलेली होती, कडं हलूच नये अशी. सड्यावरच्या अंधारात मला ती कधी दिसली नव्हती. मी भाभींना विचारलं, काच दुसऱ्यांदा बसवली त्यानंतरची ही पट्टी का?

"दुसऱ्यांदा कदी?" त्या म्हणाल्या. "परत उगडलाच नाय त्यांनी. तुमी दोगं सड्यावरून हात हलवत आलेलात ना, त्याच सकाळी चाय घेता घेता ही पट्टी पिशवीत टाकलानी, जुळवलेला कडा परत हलू नये म्हनून."

म्हणजे त्याला माहीत होतं. सड्यावर आम्ही दोघंच होतो. त्यानं दोष स्वतःच्या हातावर घेतला, गुपचूप पट्टी लावली आणि पुन्हा कापड मलाच दिलं. मी सांगेन म्हणून वाट बघत होता का रे, हमीद? एक शिवी घातली असतीस तर मी मोकळा झालो असतो.

पिशवीच्या कप्प्यात ते मलमल होतं, धुऊन घडी केलेलं. भाभी म्हणाल्या, याला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, म्हणायचे सुध्याचं आहे ते.

घरी आणून ठेवलंय. रोज संध्याकाळी लेन्स पुसतो. बोट पट्टीपाशी गेलं की हात आपोआप थांबतो.