चंडीची ओटी

देवाशी माझं कधी जमलं नाही, हे आधीच सांगतो. मी सुतार माणूस, शाळा चौथीपर्यंत. तीस वर्षं मस्कतात दारं-खिडक्या बसवल्या. माप घ्यायचं, मग लाकूड कापायचं. देवधर्म सगळा बायकोकडे. मुलगा लहानपणी तापानं हातचा जाणार होता, तेव्हा तिनं माहेरच्या चंडिकेला नवस बोलला, जोडीनं येऊन ओटी भरीन. देवी डोंगरावर, आमच्या गावापासून दिवसभराची वाट. मुलगा वाचला, शिकला, इथंच मस्कतात नोकरीला लागला. ओटी राहिली. "अहो, यंदा तरी जाऊया," ती म्हणायची. "पुढच्या सुट्टीत," मी म्हणायचो. हिरवा खण तिनं घेऊन ठेवला होता. तो पेटीतच राहिला आणि ती मस्कतातच, दार्सैत भागातल्या आमच्या घरात वारली.

वर्ष झालं तरी मला तिच्या माहेरी जायचं धाडस होईना. "आता आलात होय, एकटे?" असं कुणी विचारलं तर काय सांगणार?

तिच्या आजारपणात सुती नावाची, इंडोनेशियातल्या जावा बेटावरची बाई कामाला घरी होती. हिला आंघोळ घालायची, केस विंचरायची. काम संपल्यावर गावी परत जाताना मोडक्या हिंदीत म्हणाली, "बाबा, मेरे गाव आना. पहाड पे चंडी है, बहुत पुराना."

मी दचकलो. "चंडी? तुम्हारे में?"

"हां बाबा, चंडी, चंडी!"

ते डोक्यात बसलं. पुढे मुलाला कंपनीनं आठ दिवस जावाला पाठवलं. बाबा घरात भिंतीकडे बघत बसतात, म्हणून त्यानं मलाही नेलं. मी गुपचूप खण बॅगेत घातला. म्हटलं, देवी तीच, डोंगर दुसरा. इथं विचारणारं कोणी नाही.

मुलगा कामावर गेला आणि आधी कळवलं होतं म्हणून सुती येऊन मला तिच्या गावच्या डोंगरावर घेऊन गेली. नारळ-तांदूळ खालच्या बाजारात घेतले. पायऱ्या उंच, धुकं, गुडघे बोलायला लागले. वर काळ्या दगडाचं छोटं देऊळ. जोड इतके बारीक की पटाशीचं टोक शिरणार नाही. आत गेलो तर मूर्तीच नाही. रिकामा कोनाडा.

"चंडी किधर?" मी ओरडलो.

सुती गोंधळली. "यही तो चंडी, बाबा. पुराना पत्थर का मंदिर, सब चंडी."

त्यांच्या भाषेत जुन्या देवळालाच चंडी म्हणतात! मी पायरीवर बसलो. देवीचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. बायको जिवंत असताना टाळलं, आता दारच चुकलो.

अंगणात एक म्हातारी पानं झाडत होती. तिनं मला पाहिलं, झाडू टेकवला आणि तिच्या खोपटातून आल्याचा चहा आणून दिला. मांडीवरच्या पिशवीकडे बोट करून काहीतरी विचारलं. सुतीनं काय सांगितलं ठाऊक नाही, बरंच सांगत होती, मध्येच रडली. म्हातारीनं हात पुसले. खांद्यावरचं लांब फडकं सोडलं आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर पसरलं. आमच्या बायका ओटी घेताना पदर पसरतात, अगदी तसंच. हे सुतीला माहीत नव्हतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

ओटी बायकांनी भरायची. विधुरानं भरलेली चालते का, कोण जाणे. मी उठलो. खण ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ घातले. निम्मे खाली सांडले. म्हातारीनं नारळ कानाशी हलवून पाहिला, पाणी आहे म्हणून मान डोलावली. मला रडता रडता हसू आलं.

उतरताना सुतीला म्हातारीचं नाव विचारलं.

"देवी," ती म्हणाली.

मुलगा सांगतो, तिकडे हे नाव घरोघरी असतं. असेल. मी वाद घालत नाही.

मस्कतला आल्यावर सुनेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण बाबा, ती आपली चंडिका नव्हतीच की."

मी म्हटलं, "पोरी, जन्मभर मी मापं घेत बसलो. तुझी सासू नुसते हात जोडायची. त्या दिवशी माझं माप चुकलं, तरी पलीकडून पदर पसरला गेला. ओटी पोचली. खलास."

पेटीत खणाची जागा मोकळी आहे. रोज सकाळी उघडतो, बघतो आणि हात जोडतो. कुणाला, ते आता विचारत नाही.