उताऱ्यापुढची वाक्यं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. मग तुम्हालाच का? खरं सांगू – मलाही माहीत नाही.

कॉलेजात मी लॅटिन घेतलं. अंधेरीतल्या आमच्या चाळीत सगळे संस्कृतवाले. मला वकील व्हायचं होतं, आणि त्याहून जास्त मिरवायचं होतं. पहिल्या वर्षी शब्द पाठ करून निभावलं. दुसऱ्या वर्षी, इंटरला, सलग गद्य आलं – अर्धं अर्धं पान चालणारी वाक्यं, कर्ता वरच्या ओळीत तर क्रियापद पार तळाला – आणि माझी वाट लागली.

पास्कल माझ्याच वर्गातला, मरोळच्या गावठाणात राहणारा. त्याला सेमिनरीत जाऊन फादर व्हायचं होतं. रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की तो मला ओट्यावर बसवून एकेक वाक्य सोडवायला शिकवायचा. मी मान डोलवायचो. आणि घरी? घरी फुटपाथवरून आणलेलं भाषांतराचं गाईड घोकायचो. त्याला पत्ता लागू दिला नाही.

प्रिलिमला पाठ केलेलाच उतारा आला. मी धडाधड लिहीत सुटलो. छापलेला उतारा मधेच तोडलेला होता – मी मात्र पुढची वाक्यंही लिहून मोकळा झालो. लॅटिन वाचता येत असतं, तर कुठे थांबायचं ते कळलं नसतं का?

लॅटिन शिकवणाऱ्या फादरांनी मला एकट्याला बोलावलं. कॉलेजात गाईडला बंदी होती; ते कुणी दिलं, विचारलं. खरं बोललो असतो तर माझा परीक्षेचा फॉर्म अडला असता, वर्ष गेलं असतं. मी म्हणालो, "पास्कलने. स्वतःच्या नोट्स म्हणून."

पास्कलने त्यांच्यासमोर साफ नाकारलं. फादरांना वाटलं, वर तोंड करून खोटंही बोलतोय. सेमिनरीसाठी त्यांची शिफारस लागायची. ती त्यांनी दिली नाही. तो विक्रोळीला कारखान्यात लागला.

"माझं नाव कोणी घेतलं असेल रे?" त्याने मलाच विचारलं होतं. मी त्याच्याबरोबर विचार करत बसलो – वर्गातल्या एकदोघांची नावंसुद्धा सुचवली. इतका हलकट माणूस तुम्ही पाहिलाय कधी?

पुढे त्याच्या लग्नाला गेलो. मांडवात त्याने मला हाताला धरून वडिलांपुढे नेलं. "बाबा, सगळे मला खोटारडा म्हणत होते ना, तेव्हा हा एकटा माझ्या बाजूने होता." म्हाताऱ्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. त्याचे डोळे भरून आले होते.

"त्यात काय एवढं," मी म्हणालो, आणि जेवायला बसलो.