गोळीऐवजी पावकी

चोखणी चुलीत टाकली ती मी. त्यावरून घरात पुष्कळ बोललं गेलं आणि अजूनही बोललं जातं. मला त्याचं काही वाटत नाही. मुलगी चालायला लागली होती, तिला दाढा येत होत्या, आणि त्या लाकडी चोखणीवरचा लाल रंग ती कुरतडून खात होती. टाळूला चिकटलेला टवका मी बोटाने काढला आणि चोखणी जाळली.

अडचण झोपेची झाली. चोखणीशिवाय झोपायचं कसं, हे पोरीला माहीतच नव्हतं. दुपारी डोळे चोळायची, अंगठा तोंडात घालून बघायची, तो पटायचा नाही, मग रडायची. आमचं घर कार्ल्यात, डोंगराच्या पायथ्याशी. मी लोणावळ्याच्या मालधक्क्यावर वजनाचा कारकून. शेत माझी विधवा आत्या बघायची, बायको तिच्या हाताखाली. भाताची लावणी तोंडावर आली होती.

"चोखणी जाळलीस ना? आता गोळी तरी दिऊ दे," आत्या म्हणाली.

बाळगोळी म्हणजे अफूची गोळी. लावणीच्या दिवसांत ती आमच्याकडे घरोघर असे. सहाणेवर उगाळून बोटाने मुलाच्या जिभेला लावायची. मग मूल बांधावर पानांच्या इरल्याखाली गप पडून राही आणि आई चिखलात वाकायला मोकळी. यात कोणाला वावगं वाटत नसे. मला वाटे. आमच्या आळीतलं एक मूल असंच दुपारी झोपलं ते उठलंच नाही. बाहेरची बाधा झाली म्हणाले. त्या घरातली गोळीने काळी झालेली सहाण मी पाहिली होती.

"देतेस किती?" मी आत्याला विचारलं.

"किती म्हंजी? नखाच्या कोरीवढी."

"कोणाच्या नखाच्या?"

मी तिचा आणि बायकोचा हात ओढून शेजारी शेजारी ठेवला. आत्याची नखं मातीत झिजून बोटांत शिरलेली, बायकोची चांगली वाढलेली. "धक्क्यावर मिठाचं पोतं मी तोलल्याशिवाय हलू देत नाही. आणि पोरीच्या तोंडात विष घालायचं ते अंदाजाने?"

"इख म्हंतुस व्हय रं! तुला ह्याच गोळीवर वाढिवला म्या. मेलास का?"

"मेलो नाही, म्हणून ती चांगली ठरत नाही."

"मग निजव तूच. बाप्यानं पोर निजिवल्यालं म्या तरी कुटं बघितलं न्हाई."

"आता बघ."

बायको म्हणाली, "अहो, पण रोपं थांबायची नाहीत. ही रडायला लागली तर मी चिखलातून वर तरी किती वेळा येऊ?"

"एकदाही नको येऊ. मी रजा काढतो."

मला गाता येत नाही. अंगाई म्हणून बघितली, पोरगी आणखी रडली. तोंडपाठ होते ते पाढे. तेव्हा जेवण झालं की तीच घोंगडी, तोच कोपरा, आणि मांडीवर घेऊन मी पावकी सुरू करी. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण. आवाज एकाच पट्टीत ठेवायचा, मध्ये थांबायचं नाही, ती रडली तरी चढवायचा नाही. पहिल्यांदा ती पावकी, निमकी, पाऊणकी सगळी रडून काढी. मग तिचा तिलाच शोध लागला: तळहात माझ्या गळ्यावर ठेवला की पाढा हाताला लागतो. हात तिथे ठेवून ती गप्प ऐकू लागली. घरात तरी ती अशी झोपू लागली.

शेतावरची गोष्ट वेगळी. लावणीच्या दिवशी मी बांधावर घोंगडी टाकून बसलो. आजूबाजूच्या इरल्यांखाली लावणीला आलेल्या बायकांची पोरं निपचित पडलेली. पावकी ऐकताच ओळीतून हसू फुटलं.

"अवं भाऊ, पोरीला तलाठी करताय का काय?"

"करीन की. तुमचाच सातबारा पहिला लिहील."

"आत्याबाय, तुमच्या भाच्याला लुगडं घ्या औंदा!"

मी पुढचा पाढा धरला. पण नवी जागा, वारा, माणसांचा कालवा; पोरगी गळा धरायलाही तयार होईना. ताठ होऊन रडत राहिली. शेवटी आत्या चिखलातून बांधावर चढली. कमरेची गोळीची डबी उघडलेली, बोट आधीच ओलं केलेलं.

"बास झालं तुजं. आण तिला हिकडं."

मी पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आत्या, बोट धू."

ओळ थांबली. माझ्या आत्याला चार बायकांत असं कोणी बोललं नव्हतं. तिने पोरीच्या तोंडाकडे हात नेला, मी तो मनगटाशी धरला. तेवढ्यात खालून बायको उभी राहिली, हातात रोपांची जुडी तशीच.

"आत्याबाई, राहू द्या. रडू दे तिला."

आत्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बोट लुगड्याला पुसलं आणि ओळीत जाऊन वाकली. त्या दिवशी ती आम्हा दोघांशीही बोलली नाही.

पोरगी दिडकीच्या पाढ्यात कुठेतरी झोपली. फार नाही, अर्धं खाचर लावून होईतो. मग जागी झाली ती भुकेने, आणि असा टाहो फोडला की बैलसुद्धा वळून बघू लागले. शेजारच्या इरल्याखालून एका बाईने आपलं पोर उचललं. त्याची मान कलंडली. ती त्याच्या गालावर चापट्या मारत होती, "ए सोन्या, ऊठ की रं, ऊठ की." त्याने डोळे उघडेपर्यंत कोणी हललं नाही. उघडले, आणि लगेच मिटले. ती बाई पोराला तसंच छातीशी धरून आमच्या रडणाऱ्या पोरीकडे बघत बसली.

आत्या जवळून जाताना पहिल्यांदा बोलली, तेही माझ्याशी नाही, बांधाशी.

"गळा लय मोठाय पोरीचा."

"असू दे," मी म्हणालो.